रद्दीवाला येण्याआधी

एप्रिलच्या अखेरीस वार्षिक परीक्षा आटोपते, १ मे रोजी बहुतेक शाळांत निकाल हाती मिळतो आणि त्याच आठवड्यात घरोघरी मुलांचं कपाट आवरायला काढलं जातं. वह्यांची कोरी पानं कच्च्या कामासाठी फाडून ठेवली जातात, पुस्तकं शेजारच्या धाकट्या मुलाला दिली जातात आणि उरलेला गठ्ठा दाराशी येतो. त्या गठ्ठ्यात चित्रकलेची वही असते, कार्यानुभवाच्या तासाला केलेलं कागदी तोरण असतं, संग्रहालयाचं चुरगळलेलं तिकीट असतं. फोनमधली जागा संपली म्हणून शाळेच्या गटावरचे व्हिडिओही साधारण याच दिवसांत पुसले जातात. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, की हे सारं घराबाहेर जाण्याआधी मुलाला शेजारी बसवून एकदा उलगडून पाहा. काय पाहायचं, काय विचारायचं, काय जपायचं आणि काय खुशाल जाऊ द्यायचं, तेवढंच या लेखात सांगायचं आहे.

निकालपत्रक हातात असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. भाषा, गणित अशा विषयांना आकारिक आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचा) असे दोन भाग आले. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांचं मात्र सगळं मूल्यमापन आकारिक, म्हणजे शिक्षकांच्या वर्षभराच्या नोंदींवर. कल्पना चांगलीच आहे. पण चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी एकाच शिक्षकाला लिहायच्या असतात, तेव्हा ‘चित्रे आकर्षक रंगवतो’, ‘गीते तालासुरात म्हणते’ अशी ठरावीक वाक्यं उतरतात. वर्गशिक्षिका म्हणून अशा नोंदी लिहिताना मला नेहमी वाटत आलं आहे, की या मुलाबद्दल खरं जे सांगायला हवं, ते या रकान्यात मावत नाही. ते घरी सांगितलं गेलं, तरच टिकतं.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे समग्र प्रगतिपत्रक येत आहे. त्यात शिक्षकांबरोबर मूल स्वतः, त्याचे वर्गमित्र आणि पालक यांनीही लिहायचं असतं. तिथे पालकाला ‘हुशार आहे, पण अभ्यास करत नाही’ एवढंच सुचत असेल, तर वर्षभर आपण नेमकं काय पाहिलं, हे एकदा तपासायला हवं.

दुसरं कारण याहून महत्त्वाचं आहे. मुलांची आठवण बोलण्यातून घडते. अमेरिकेतल्या रॉबिन फिवुश आणि न्यूझीलंडमधल्या इलेन रीझ या मानसशास्त्रज्ञांनी आई-वडील झालेल्या प्रसंगांबद्दल मुलांशी कसं बोलतात, याचा अनेक वर्षं अभ्यास केला. जे पालक मोकळे प्रश्न विचारतात, मुलाने सांगितलेला धागा पुढे नेतात आणि स्वतःकडचा तपशील जोडतात, त्यांची मुलं पुढे आपले अनुभव अधिक सविस्तर, अधिक सुसंगतपणे सांगू शकतात. जे पालक एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून बरोबर उत्तराची वाट पाहतात, त्यांच्या मुलांच्या आठवणी त्रोटक राहतात. थोडक्यात, वर्षभरातल्या अनुभवाचं शिक्षणात रूपांतर व्हायचं, तर त्यावर बोलणारं एक मोठं माणूस लागतं. हे काम शिकवणीला लावून होत नाही.

जमिनीवर मांडा

चित्रांपासून सुरुवात करा, कारण ती हातात घेता येतात. जूनपासून एप्रिलपर्यंतची सगळी चित्रं फरशीवर क्रमाने मांडा. तारखा नसतील तर विषयांवरून अंदाज येतो. छत्र्या आणि कागदी होड्या जुलैतल्या, तिरंगा ऑगस्टचा, मग गणपती, दिवाळीचा किल्ला, पतंग. मुलालाच हा क्रम लावू द्या. लावता लावता ते आपोआप बोलू लागतं आणि तुम्हाला निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

पाहताना ‘हे काय काढलंयस?’ असं विचारू नका. त्या प्रश्नात ‘ओळखू येत नाही’ अशी तक्रार असते आणि मुलाला ती बरोबर कळते. ‘याच्याबद्दल सांग ना’ एवढं पुरे. ‘छान’ हा शब्दही जरा बाजूला ठेवा. तुम्हाला जे दिसतं ते म्हणा: ‘इथे तू पाऊस तिरका काढलायस’, ‘आजीचे हात सगळ्यांत मोठे आहेत’. पाहिलं गेलं, ही जाणीव मुलाला शाबासकीपेक्षा जास्त हवी असते.

चित्रांत काय बदललं, हे कळायला थोडी माहिती उपयोगी पडते. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाने १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांच्या वाढीचे टप्पे मांडले आणि जगभरचे शिक्षक आजही ते वापरतात. दोन ते चार वर्षांचं मूल रेघोट्या मारतं. चार ते सातच्या दरम्यान डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसं येतात, वस्तू कागदावर तरंगत असतात. सातच्या पुढे कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते, वर आभाळाची निळी पट्टी येते आणि घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसू लागतात. ही चूक समजून दुरुस्त करायला जाऊ नका. मुलाला घरात कोण आहे हे माहीत असतं, म्हणून ते दाखवतं. जे महत्त्वाचं ते मोठं काढायचं, हाही त्या वयाचा स्वतःचा नियम आहे. वर्षाच्या सुरुवातीला तरंगणारी माणसं एप्रिलमध्ये जमिनीवर उभी राहिली असतील, तर तुमच्या मुलाने जागेचं गणित मांडायला सुरुवात केली आहे. याची नोंद निकालपत्रकात कुठेच नसते.

नऊ ते बारा या वयाकडे पालकांनी विशेष लक्ष द्यावं. या काळात मुलाला आपलं चित्र खऱ्यासारखं दिसत नाही, हे उमगतं. खोडरबराचा वापर वाढतो, कागद खरवडलेला दिसतो, चित्रं लहान होतात, काही अर्धवट सोडलेली असतात. ‘मला चित्रकला येत नाही’ हे वाक्य बहुतेक मुलं याच वयात प्रथम म्हणतात आणि पुष्कळजण ते जन्मभर म्हणत राहतात. तुमच्या समोरच्या चित्रांत दिवाळीनंतर अशी खरवड वाढलेली दिसली, तर सुट्टीत मुलाला रंगांचा मोठा बॉक्स घेऊन देण्यापेक्षा त्याच्यासोबत बसून समोरची एखादी वस्तू काढा. तांब्या, चप्पल, अंगणातली कुंडी, काहीही चालेल. पाहून काढायला शिकण्याचं हेच वय आहे आणि ते निघून गेलं, की परत आणणं अवघड जातं.

दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, झोपडी, नारळाचं झाड आणि इंग्रजी व्हीसारखे पक्षी, हे चित्र जवळपास प्रत्येक वहीत सापडेल. ते टाकाऊ नाही. मूल त्या साच्यातून कुठे बाहेर पडलं, ते शोधा. नदीच्या काठी कुणी कपडे धूत असेल, झोपडीवर डिश अँटेना असेल, डोंगरावर पवनचक्की आली असेल. त्या ठिकाणी बोट ठेवून थांबा. तिथे मुलाने पाठ केलेलं बाजूला ठेवून पाहिलेलं काढलं आहे.

कार्यानुभवाच्या वस्तू बहुधा पालकांनीच केलेल्या असतात, हे आपण सगळे जाणतो. पिस्त्याच्या टरफलांची फुलं आणि आइस्क्रीमच्या काड्यांचं घर आईने रात्री अकरा वाजता चिकटवलेलं असेल, तर त्यावर मुलाकडे सांगण्यासारखं काही नसतं. अशा वस्तू निःशंक टाका. जे वेडंवाकडं आहे पण मुलाचं आहे, ते ठेवा. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला जे बालशिक्षणाचं काम उभं केलं, त्यात शिंपले, बिया, पानं, माती हीच साधनं होती. महागड्या किटमधून झालेल्या वस्तूपेक्षा चिंचोक्यांची रांगोळी मुलाबद्दल जास्त सांगते.

सातवी-आठवीनंतरच्या मुलांच्या घरी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांचा सराव पडलेला असेल. दहावीला सवलतीचे गुण मिळतात म्हणून आज पुष्कळ मुलं या परीक्षांना बसतात आणि श्रेणी मिळाली की ब्रश कायमचा खाली ठेवतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. या परीक्षांतलं स्मरणचित्र, म्हणजे पाहिलेला प्रसंग आठवून काढणं, हा वर्षाकडे वळून पाहण्याचा फार चांगला मार्ग आहे. परीक्षा झाल्यावरही मुलाला सुट्टीत एक स्मरणचित्र काढायला सांगा. विषय या वर्षातलाच असावा आणि श्रेणी कुणी देऊ नये.

स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ पाहताना आपण सगळे आपल्याच मुलावर झूम करतो. एकदा पूर्ण नाटुकलं पाहा आणि मुलाला त्याची गोष्ट सांगायला लावा. मग तालमींबद्दल विचारा. कोण संवाद विसरायचं, बाई कशावर रागावल्या, पडद्यामागे अंधारात काय चाललं होतं. कला तालमीतच शिकली जाते. त्या तीन-चार मिनिटांच्या प्रयोगात ती फक्त दिसते. तिसऱ्या रांगेत झाड होऊन उभं राहिलेल्या मुलाकडेही सांगायला पुष्कळ असतं, त्याला कुणी विचारत नाही एवढंच. आणि एक आवर्जून करा: या वर्षी शिकलेलं एखादं गाणं किंवा कविता मुलाच्या आवाजात मुद्रित करून ठेवा, सुरुवातीला तारीख बोलून. बारा-तेराव्या वर्षी मुलग्यांचा आवाज फुटतो आणि आधीचा आवाज पुन्हा कुठेच ऐकायला मिळत नाही.

किती ठेवायचं, कसं ठेवायचं

सगळं ठेवू नका. घर लहान असतं आणि ढीग कुणी उघडत नाही. वर्षाची सात-आठ चित्रं पुरेत: जूनचं एक, एप्रिलचं एक, मुलाने स्वतः निवडलेली चार-पाच आणि न जमलेलं एक तरी. निवड मुलाची असावी. तुम्हाला नेटकं रंगवलेलं आवडेल, त्याला डाग पडलेलं. त्याचंच ऐका आणि का निवडलं ते विचारा. त्याचं उत्तर चित्राच्या मागे पेन्सिलने, त्याच्याच शब्दांत लिहा, सोबत महिना आणि इयत्ता. बॉलपेनने लिहिलं तर ठसा पुढे उमटतो.

तेलकट खडूचे रंग एकमेकांना लागतात, म्हणून मध्ये बटर पेपर घाला. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते आणि कागदावर कायमचा डाग सोडते, तेव्हा ती नको. लॅमिनेशनचा मोह आवरा; ते पुन्हा काढता येत नाही आणि कागद त्यात अडकून बसतो. चित्रं गुंडाळी करून न ठेवता जाड पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये सपाट ठेवा आणि कोकणात, मुंबईत राहत असाल तर बाहेरच्या ओलसर भिंतीला लागून कपाट असेल तिथे मुळीच ठेवू नका. एका पावसाळ्यात बुरशी धरते आणि कसर लागते. मोठी किंवा मातीची वस्तू ठेवणं शक्य नसेल, तर खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता तिचा फोटो काढा, आणि एक फोटो मुलाच्या हातात वस्तू देऊन काढा, म्हणजे तिचा आकार पुढे कळेल.

सहल: डब्यापासून ठिकाणापर्यंत

सहलीबद्दल ‘मजा आली का?’ असं विचारलं की ‘हो’ येतं आणि विषय संपतो. मुलाच्या मनात आधी उरलेलं असतं ते बसमधलं: खिडकीची जागा कुणाला मिळाली, कोण उलटी करून झोपलं, कुणाच्या डब्यात काय होतं, अंताक्षरीत मुली जिंकल्या की मुलगे. मोठ्यांना हे फालतू वाटतं. ते फालतू समजून ‘बरं, पण तिथे काय पाहिलं?’ असं पुढे ढकललंत, तर मूल बंद होतं. डब्यापासूनच सुरुवात करा आणि डबा कुठे बसून खाल्ला, तिथून काय दिसत होतं, जमीन कशी होती, असं करत ठिकाणाकडे या.

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत क्षेत्रभेट आहे. तिची तयारी, प्रश्नावली आणि अहवाल या सगळ्याची पद्धत दिलेली आहे. प्रत्यक्षात अहवालात तिथल्या फलकावरचा मजकूर उतरतो. लोणारला गेलेल्या मुलांनी ‘बेसॉल्ट खडकात उल्कापाताने तयार झालेलं सरोवर’ हे वाक्य लिहिलेलं असतं, पण उतरताना लागलेली दमछाक, पाण्याजवळचा वास आणि काठावरची झाडी यांबद्दल एक शब्द नसतो. आता मुलाशी बोलताना वासापासून सुरुवात करा. मग सांगा, की जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत गेलं. तेच नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरचं. २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं, हे मुलाला आधी सांगितलं तर ती परीक्षेची माहिती होते. त्याने दुर्बिणीतून पाहिलेल्या रोहित पक्ष्याचं वर्णन केल्यावर सांगितलं, तर ते लक्षात राहतं.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शाळेच्या सहली रोज येतात. रांगेत, हात न लावता, घाईघाईने सगळी दालनं पाहिली जातात आणि मुलांना शेवटी भुसा भरलेले प्राणी तेवढे आठवतात. अशा ठिकाणी सुट्टीत पुन्हा जा, पण एकाच दालनासाठी, आणि या वेळी मुलाला वाटाड्या करा. त्याने दाखवायचं, आपण मागे चालायचं. पहिल्या भेटीत जे नुसतं डोळ्यांखालून गेलं होतं, ते दुसऱ्यांदा समजावून सांगताना पक्कं होतं. लांब जाणं शक्य नसेल तर आपल्याच गावातलं टपाल कार्यालय, बेकरी, कुंभारवाडा, पाण्याची टाकी यांपैकी जे शाळेने दाखवलं असेल, तिथे जा. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने परिसरातल्या साध्यासुध्या भेटींतून आणि त्यावरच्या मुलांच्या स्वतःच्या लेखनातून किती शिकता येतं, हे महाराष्ट्राला दाखवलं आहे.

आठवणीतून रस्ता काढणं हा आणखी एक चांगला उद्योग. शाळेपासून सहलीच्या ठिकाणापर्यंतचा नकाशा मुलाला कोऱ्या कागदावर काढू द्या. घाट, टोलनाका, चहाला थांबलो ते हॉटेल, नदीवरचा पूल. मग खरा नकाशा शेजारी ठेवा. दिशा चुकलेल्या असतील, अंतरं वाकडी असतील. नकाशावाचनाचा खरा धडा त्या फरकातच आहे.

ज्या मुलांना पैशांअभावी किंवा घरच्यांच्या काळजीपोटी सहलीला जाता आलं नाही, त्यांच्याशीही हे बोलणं टाळू नका. वर्गात सहलीचे फोटो फिरत असताना ती मुलं गप्प असतात. त्या दिवशी तू काय केलंस, हे विचारा. न जाण्याचं कारण खोटं न सांगता, समजेल अशा शब्दांत सांगा, आणि सुट्टीत एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं एक ठिकाण त्याच्यासाठी ठरवा.

बोलता बोलता मूल एखादी अप्रिय गोष्टही सांगेल: बसमध्ये चिडवलं, पाण्याजवळ भीती वाटली, कुणी वाईट वागलं. त्या क्षणी फोन उचलू नका आणि ‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न तर कधीच विचारू नका. पूर्ण ऐकून घ्या. गोष्ट सुरक्षिततेची असेल तर दुसऱ्या दिवशी स्वतः शाळेत जाऊन, समोर बसून बोला.

पडद्यावरचं शिक्षण

घरून शिकण्याचा हिशेब मात्र अनेक घरांत कधी झालाच नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि त्या जूनचं वर्ष वर्गाविना सुरू झालं. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आली, बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमागचे दीक्षा अ‍ॅपवरचे धडे घरोघरी उघडू लागले, आणि ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्यासाठी गावोगावच्या शिक्षकांनी पारावर, देवळात, ओसरीवर मुलं गोळा केली. नववीपासून पुढचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून, पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून टप्प्याटप्प्याने उघडले. सर्वांत लहानांच्या वाट्याला सर्वांत मोठी सुट्टी आली; पहिलीपासूनचे वर्ग भरायला १ डिसेंबर २०२१ उजाडला आणि जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा काही दिवस बंद राहिल्या. १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यास झाला. त्याने मागचं थोडं भरून निघालं, सगळं नाही. जून २०२० मध्ये पहिली-दुसरीत असलेली मुलं आता वरच्या वर्गांत आहेत. त्यांचा लिहिण्याचा वेग कमी असेल, जोडाक्षरं अडत असतील किंवा गटात काम करताना ती बिचकत असतील, तर आळशी म्हणण्याआधी ती वर्षं आठवा.

तेव्हापासून घरून शिकणं थोड्या प्रमाणात कायमचंच राहिलं आहे. अतिवृष्टीमुळे सुट्टी जाहीर झाली की अनेक शाळांचे ऑनलाइन तास भरतात, गृहपाठ गटावर येतो, प्रकल्पाचा व्हिडिओ मागितला जातो. त्याकडे पाहताना ‘किती तास फोन पाहिला’ हा हिशेब बाजूला ठेवून तीन गोष्टी विचारा. कोणता धडा तू एकट्याने, कुणाच्या मदतीशिवाय शिकलास? कुठे अडलास आणि तेव्हा कुणाला विचारलंस? पाहिल्यानंतर हाताने काय केलंस? पहिल्याचं उत्तर ठामपणे आलं, तर मूल स्वतः शिकायला लागलं आहे आणि ही फार मोठी कमाई आहे. तिसऱ्याचं उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं, तर पुढच्या वर्षी प्रत्येक व्हिडिओनंतर वहीत निदान एक आकृती काढायची, असा घरचा नियम करा. घरात दोन मुलं आणि एक फोन असेल, तर वर्षभर कुणाच्या वाट्याला तो कमी आला, हेही पाहा. बहुतेक वेळा मुलीच्या.

फोनवर साठलेलं काम लवकर वाचवा. शाळेने दिलेलं खातं इयत्ता किंवा शाळा बदलल्यावर बंद होऊ शकतं आणि त्यातली फाइल त्यासोबत जाते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो आधीच दबून लहान झालेले असतात, म्हणून मूळ ज्याच्या फोनमध्ये आहे त्याच्याकडून मागून घ्या. महिन्यांच्या नावाने फोल्डर करा आणि एक प्रत फोनबाहेर, पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर ठेवा. सहलीच्या आणि संमेलनाच्या फोटोंत दुसऱ्यांचीही मुलं असतात. त्यांच्या आईवडिलांना न विचारता ते समाजमाध्यमांवर टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या संस्थांना पालकांची संमती बंधनकारक केली आहे. आपण पालकांनी तेवढी शिस्त एकमेकांत पाळायला हवी. मुलाच्या निकालपत्रकाचा फोटो स्टेटसला ठेवण्याआधीही विचार करा. त्यावर त्याचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि ओळख क्रमांक असतो.

शिक्षकांसाठी थोडं

माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना एवढंच सुचवीन, की परीक्षा संपल्यावरचे शेवटचे दोन दिवस नुसती वर्गसफाई आणि खिचडी यांत घालवू नका. वर्गाच्या भिंतीवर जून ते एप्रिल अशी लांब पट्टी लावा आणि प्रत्येक मुलाला आपल्या निवडीचं एक चित्र, एक वस्तू किंवा एक वाक्य योग्य महिन्यात चिकटवू द्या. निवड मुलांची. हस्ताक्षर सुंदर असलेल्या चौघांनाच ही पट्टी करायला देऊ नका.

बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या वर्गांत दिवाळीच्या सुमारास काही जागा रिकाम्या होतात. आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली ही मुलं मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही हंगामी वसतिगृहात राहून शिकतात, काही कारखान्याच्या पालावर धाकट्या भावंडांना सांभाळतात. त्यांच्या पट्टीवरचे ते महिने कोरे सोडू नका. राहायच्या कोप्या, बैलगाड्या, उसाच्या मोळ्या, रात्रीचं चाललेलं गाळप, हे त्यांनी पाहिलं आहे आणि बाकीच्या वर्गाने पाहिलेलं नाही. त्यांना काढू द्या, सांगू द्या. त्या दिवशी वर्गातले भूगोलाचे सगळ्यात जाणकार विद्यार्थी तेच असतील.

घरी हे सगळं एका बैठकीत उरकू नका. निकालाच्या दिवशी तर अजिबात नको, त्या दिवशी गुणांचंच बोलणं होतं. सुट्टीतल्या तीन-चार संध्याकाळी, अर्धा-पाऊण तास, जमल्यास आजी-आजोबांसमोर बसा. आजोबांना मुलं जास्त मोकळेपणाने सांगतात आणि आजोबा मध्येच दुरुस्त्या करत नाहीत. शेवटी मुलाकडून एक पान लिहून घ्या: या वर्षी मी काय केलं, काय जमलं नाही, पुढच्या वर्षी काय करून पाहायचं आहे. लिहिता येत नसेल तर त्याने सांगावं, तुम्ही लिहावं, शब्द त्याचेच ठेवावेत. शुद्धलेखन तपासू नका.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, विदर्भात उन्हामुळे काही दिवस उशिरा. पहिल्या पालकसभेला जाताना त्या पानाची एक प्रत बरोबर न्या आणि नव्या वर्गशिक्षकांच्या हातात द्या. त्यांच्याकडे तुमच्या मुलाचे गेल्या वर्षीचे गुण असतात, त्याचे शब्द नसतात.